कळप सोडलेली मादी

देवळाली प्रवरा, सोमवार, १२ फेब्रुवारी १९७३

स्वतःचीच लाज वाटतेय. जेवताना उगाच अक्कल पाजळली. आज वर्गात लांडगे शिकवले, तेच घरी सुरू केलं. कळपात पिल्लं एकाच मादीला होतात; तिच्या धाकानं बाकीच्यांना जोडीच जमवता येत नाही, मग त्या नुसती तिची पिल्लं सांभाळतात.

धाकट्या भावाची बायको कुसुम चुलीपाशी होती, मांडीवर माझी बेबी झोपलेली. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. एरवी माझ्यासमोर तोंड उघडत नाही. आज हळूच म्हणाली, "दादा, त्यातल्या एखादीनं कळप सोडला, तर हुत्यात का तिला पिल्लं?"

"पुस्तकात दिलेलं नाही," म्हणालो.

दिलंय. होतात. दुपारी मीच फळ्यावर लिहिलं. मग खोटं का बोललो? वेगळं बिऱ्हाड मागतील म्हणून? तिच्यासाठी नवस झाले, पुण्याचा डॉक्टर झाला. त्या दोघांना एक खोली द्यावी, हे मात्र कुणाला सुचलं नाही. माझी तिन्ही पोरं रोज त्यांच्या मधे झोपतात.

आत्ताच बेबीला खांद्यावर टाकून ती अंथरुणाकडे गेली. "इकडं दे" एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो नाही.