तिसऱ्या रांगेतला सातवा दगड

मी, खाली सही करणारी, इतिहासाची निवृत्त शिक्षिका, वय वर्षे एक्याऐंशी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने डॉक्टरांचा दाखला पाहावा.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला. तिने माझं सगळं केलं, वर माझी बोलणीही खाल्ली.

२. भिंतीवरचं घड्याळ धाकट्या भावाला. तीस वर्षं त्याचा त्यावर डोळा आहे. ते मागे पडतं, हे त्याला आधी सांगू नये.

३. मऊ ब्रश, बादल्या आणि युद्धकैद्यांच्या नोंदवह्या शाळेला. दरवर्षी आठवीच्या मुलांना मी सैनिकी दफनभूमीत नेत असे. इथल्या छावणीत कैदेत वारलेले परके सैनिक तिथे आहेत. प्रत्येक मुलाला एक दगड; तो धुवायचा आणि त्या माणसाची माहिती शोधून वर्गात सांगायची. पहिल्याच वर्षी एका पालकाने विचारलं, "शत्रूची थडगी आमच्या मुलांनी का धुवायची?" एक विद्यार्थिनी म्हणाली, "ते आता आपल्याच गावात राहतात ना." मला हे सुचलं नव्हतं.

४. हे कलम त्याच विद्यार्थिनीसाठी. आज माझ्या जागी तीच इतिहास शिकवते. त्या वर्षी तिसऱ्या रांगेतल्या सातव्या दगडावरचं नाव तिच्या हातून घासून गेलं. मुख्याध्यापकांनी तिला भर प्रार्थनेत उभं केलं. आता ती मुलांना संग्रहालयं दाखवते, पण दफनभूमीत नेत नाही. म्हणते, "नको बाई, माझ्या हातून पुन्हा काहीतरी बिघडेल."

तारेचा ब्रश मीच घरून नेला होता. "अजून जोरात घास," हेही मीच म्हटलं. माळीबुवा धावत आले, "बाई, दगड आहे तो, करपलेलं पातेलं नव्हे." तोवर अक्षरं गेली होती. माझी बढती तोंडाशी आली होती, म्हणून प्रार्थनेच्या वेळी मी मूग गिळून बसले.

नोंदवह्यांत त्या दगडाची नोंद नव्हती; एकोणीस वर्षं पत्रं लिहून मी ते नाव मिळवलं. त्या सैनिकाच्या बहिणीचं पत्र कपाटात आहे. घरात त्याला 'धाकटा' म्हणत, असं तिने कळवलं आहे. पत्र माझ्या विद्यार्थिनीला द्यावं. इतकी वर्षं दिलं नाही, कारण देताना खरं सांगावं लागलं असतं. नाव पुन्हा कोरायची परवानगी आली आहे. कोरतील त्या दिवशी तिने मुलांना घेऊन यावं, ही विनंती आहे, अट नाही. बाळ, चूक माझी होती. तू माझी सर्वांत लाडकी आहेस.

सही: बाई
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: शाळा उघडायच्या आधीचा सोमवार

साक्षीदार एक: दफनभूमीचे निवृत्त माळीबुवा. "मला माहीत होतं," एवढंच म्हणाले.

साक्षीदार दोन: निवृत्त मुख्याध्यापक. कलम चार त्यांनी दोनदा वाचलं. सही केली आणि काठी उचलून म्हणाले, "तुम्ही मरायची वाट कशाला पाहायची? चला, तिच्याकडे जाऊ. मलाही माफी मागायची आहे."

आम्ही निघालो आहोत.