बोचक्याच्या तळाशी

प्रिय आई,

आधी तुझ्या हातांचा मुका घेते. मी बरी आहे. मक्याची भाकरी आणि कोबीचं सूप रोज मिळतं, काळजी करू नकोस.

इथल्या चहाखरेदी केंद्रावर पानं तपासणारी मी एकटीच शिकलेली आणि सगळ्यांच्या लेखी एकटीच वाईट. काल वरच्या मळ्यातल्या झेकिये आजीने विकायला आणलेलं बोचकं उघडलं. वर कोवळी पानं, तळाशी कात्रीने छाटलेल्या जून काड्या! मी ते परत केलं. असल्या मालाने आपल्या रिझे प्रांताच्या चहाचं नाव गेलं तर सगळा डोंगर काय खाईल, हेही समजावलं.

"कॉलेजवाल्या बाई, तुझी आई काय एकेक पान चिमटीने खुडते होय गं?" आजी म्हणाली. सगळी रांग हसली.

मी मान खाली घालून पुढचं बोचकं ओढलं. लहानपणी आपल्या बोचक्यात काड्या मीच दाबायचे आणि तू वर चांगली पानं पसरायचीस. त्याच पैशांवर शिकले ना मी?

मळ्यातून ओझी उतरवायच्या तारेवरून खाली सोडलेलं ते बोचकं आजी पाठीवर घेऊन पुन्हा चढ चढली. मला जेवण गेलं नाही.

बाबांचे गुडघे कसे आहेत?

पुढच्या तोडणीला काड्या घालू नकोस, आई. आपल्या केंद्रावरही कुणाची तरी मुलगी उभी असेल.

धाकट्यांच्या डोळ्यांचे मुके घेणारी,
तुझी सेविलाय