अंबाडीच्या वाखाची सरासरी

४ फेब्रुवारी १९५७
आज वाखाचा कस — झकास! अंबाडीचा एकेक तंतू आकड्याला टांगायचा, खालच्या पारड्यात वाळू ओतत राहायची, तुटला की वाळू तोलायची. बी.एस्सी. झाले ती यासाठी! पण सरासरी अशी आली की आमच्या प्रयोगशाळेच्या रूपराव साहेबांनी स्वतःहून चहा पाजला. समुद्रपूरच्या शाळेच्या छताला सिमेंटात हा वाख घातलेले तक्ते बसवायचे आहेत. नागपूरचे अधिकारी बघायला येणार. त्यांना पसंत पडले की माझी टेंपररी नोकरी पक्की. नाही तर हिंगणीला घरी — पोह्यांची बशी घेऊन पाहुण्यांसमोर!

६ फेब्रुवारी
साहेब म्हणतात, "अधिकाऱ्यासमोर मी खुद उभा राहीन तक्त्यावर." त्यांचं वजन पाहता मला खालच्या जमिनीचीच काळजी.

७ फेब्रुवारी
वाळू. वेणीतसुद्धा वाळू.

९ फेब्रुवारी
घात झाला! वाख सोलून देणारी पंचफुला पाणी प्यायला उठली, तर तिच्या जागी मागे हा ढीग! विचारलं, तर म्हणते, "तुटके-फुटके हायेत ते, बाई. तुमच्या हाती काऊन देऊ? चांगले-चांगले निवडून देऊन राह्यली ना मी!" पाहुण्याच्या ताटात करपलेली भाकर वाढू नये, तशी तिची माया. रागवायचं तरी कसं? हसूच आलं.

मग ढिगातले टांगले. काही तर रिकाम्या पारड्यानेच तुटले! आणि तक्ता बनवणारा गवंडी थोडाच निवडतो? मूठ भरली की घातली. म्हणजे माझी झकास सरासरी निवडलेल्या वाखाची. छताची नव्हेच.

१० फेब्रुवारी
सगळे तंतू धरून नव्याने हिशोब केला. कस निम्म्यावर. साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं. "नलूताई, तुम्हाले गणित येते, दुनिया नाई येत. तो ढीग चुलीत घाला." म्हटलं, मग तक्त्यावर उभे राहू नका, माझ्या हिशोबाने तुम्ही खाली येता! "पाहू ना!" म्हणाले, आणि चक्क हसले.

खोलीवर येऊन रडले. नोकरी हवी आहे मला, फार हवी आहे. पण त्या छताखाली पोरं बसणार.

१४ फेब्रुवारी
अधिकारी आले. दोन बाजूंना विटा, वर तक्ता. साहेब पॅन्ट सावरत चढले. मी डोळे मिटले — खरं तर एकच मिटला, गंमत चुकवायची नव्हती. काही झालं नाही! वर उडीही मारली! टाळ्या. छत मंजूर. माझी ऑर्डर जागच्या जागी.

पंचफुलाने हातावर गूळ ठेवला. "पाहा, म्या निवडला म्हनून!" गूळ गोड लागला, लपवू कशाला? पण हिशोब तीनदा तपासला. चूक सापडेना.

१५ फेब्रुवारी
कालच्या तक्त्यावर हातोडी घातली. आत लोखंडी तार!

खरा हिशोब दुपारच्या टपालाने नागपूरला गेलासुद्धा. तार साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे — छान गोल वळून, मध्ये माझी पक्की ऑर्डर अडकवून.