डोंगर दाखवायचं काम

चि. बंड्या,

आशीर्वाद आहेतच, पण आज रागातच लिहायला बसले आहे.

"ताई, तुझी मजा आहे, पगार घेऊन रोज सहल," असं लिहिताना तुला काहीच वाटलं नाही? मी पाहुण्यांना डोंगर चढवते, हवा खायला जात नाही. तब्येत ठीक आहे. पाय ठणकतात, पण ते आईला सांगू नकोस.

काल एका साहेबांनी सत्तरीच्या आईला सोबत आणलं होतं. अकरालाच दगड तव्यासारखे तापले. अर्ध्या वाटेत आजींची जीभ अडखळायला लागली. मी त्यांना झाडाखाली टेकवलं, ओढणी भिजवून डोक्यावर ठेवली आणि सांगितलं, "आता सगळे खाली."

साहेब भडकले. "पैसे शिखरापर्यंतचे दिलेत. आईची फार इच्छा आहे."

खाली आल्यावर मॅनेजरने मलाच माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही. तेवढ्यात पाणी पीत बसलेल्या आजी म्हणाल्या, "माझी कसली इच्छा? मला कुणी विचारलंच नव्हतं."

साहेब गाडी आणायला निघून गेले. मॅनेजरने मात्र मला आठवडाभर तिकीटखिडकीवर बसवलंय.

आणि तू सुट्टीत आईला इथला धबधबा दाखवायला आणणार म्हणतोस. तिच्या गुडघ्यांचं डॉक्टर काय म्हणतात? तिला यायचंय का, हे तरी विचारलंस? आधी विचार. मग ती जे बोलेल ते जसंच्या तसं मला लिही.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई