वैनीने दिलेला पासवर्ड

१२ मे, सोमवार

मेलं कार्ड! लॅपटॉप म्हणतो, वायफायचं कार्डच नाही. नाही कसं? मागचे स्क्रू काढून डोळ्यांनी बघितलं मी. हिरवा तुकडा, दोन बारीक वायरी, सगळं जागच्या जागी. तुझ्याच पोटात आहे की मेल्या!

सासर सोडताना हा एवढाच उचलला होता — बी.सी.ए.च्या वेळचा. विंडोजवर उघडेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. म्हणून काल ते पुसून लिनक्स टाकलं. आता झटकन उघडतो. पण नेट नाही! उघडून करायचं काय, आरती?

पुढच्या सोमवारी धारवाडच्या कंपनीची परीक्षा. कन्नड व्हिडिओ मराठीत करायचे, कॅमेरा चालू ठेवून, दोन तास. मागच्या खोलीत माझ्या मोबाइलला रेंजची एकच दांडी. घरचं वायफाय हवंच.

वैनी दारातून डोकावून गेली. म्हणाली, "नवऱ्याला सोडलंस, मग ह्या डब्याला कशाला धरून बसलीस?"

 दात-ओठ खाल्ले नुसते.

१३ मे

गच्चीवर रेंज असते. भर उन्हात तिथं बसले, डोक्यावर ओला टॉवेल. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडला, कार्डाचा नंबर काढला. कार्ड जुनं, त्याचा ड्रायव्हर लिनक्सबरोबर येत नाही, वेगळा आणावा लागतो. म्हणजे नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट हवं! हे ज्याने ठरवलं त्याला सोलापूरच्या गच्चीवर मे महिन्यात बसवा.

उतरवला. टाकला. बंद करून चालू केला.

काही नाही.

१४ मे

काही नाही. इंटरनेटवर एक शहाणा लिहितो — 'नवीन लॅपटॉप घ्या.' तू दे!

१५ मे, गुरुवार

दिसलं!! दोन ड्रायव्हर एकमेकांच्या उरावर बसले होते. एकाचं तोंड बंद केलं, दुसरा लगेच चालायला लागला. घरातल्या बायकांसारखंच.

आजूबाजूच्या सगळ्या घरांची वायफाय ओळीने आली, आपलंही. वैनीकडे पासवर्ड मागितला. केबलवाल्याने गेल्या महिन्यात नवा राउटर बसवला तेव्हापासून तिच्याकडेच आहे. तिने सांगितला, टाकला. लॅपटॉपने पुन्हा मागितला. परत टाकला. परत मागितला.

"वैनी, चुकीचा सांगितला तुमी."

"दिला त्योच हाय."

एवढंच. भाकरी थापत राहिली. मान वर केली नाही.

संध्याकाळी अण्णा, माझा थोरला भाऊ, दुकानातून आला. माझं तोंड बघून हसला. "धारवाड नि फिरवाड कशाला गं? घरची लेक तू. राहा की हितं." या घरात माझ्या बाजूचा हा एकटाच माणूस! वैनीला ते खुपलं. लगेच म्हणाली, "कायमची हितंच राहनार का ती?" अण्णाने नुसतं तिच्याकडं बघितलं. गप्प झाली. बरं झालं.

१६ मे

आज फाटलं. पासवर्ड कागदावर लिहून मागितला. तिने लिहून दिला. तोच. लॅपटॉपने पुन्हा नाकारला. माझं डोकं फिरलं. कागद तिच्या अंगावर फेकला.

"मुद्दाम करताय तुमी! मी परीक्षेला बसू नये म्हणून!"

"मला काय मिळनार गं तुला हितं ठिवून?"

"मोलकरीण! फुकटची!"

आई देवघरातून कन्नडमध्ये ओरडली, "सुम्न इर!" — गप्प बस म्हणून. मला म्हणाली की तिला, कळलं नाही. वैनीने कागद उचलला, घडी केली, माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली.

माहेर वळसंगचं तिचं. अर्ध्या तासावर. जात का नाही काही दिवस तिकडं? चार वर्षांत दोन-तीनदा गेली असेल. चिकटून बसते.

१७ मे, शनिवार

आईचा फोन घेतला. वैनीचा पासवर्ड टाकला.

लागलं. पहिल्याच फटक्यात.

माझ्या फोनवर टाकला. लागलं.

म्हणजे बाई खरं बोलत होती. कार्डच खोटारडं!

फोन लॅपटॉपला जोडून परीक्षा देता आली असती. पण केबलची पिन सैल आहे, हात लागला की निसटते. आणि खरं सांगायचं तर आता माघार घ्यायची नव्हती. या कार्डाला वाकवायचंच.

१८ मे

वाकवलं!

नव्या राउटरचं कुलूप नव्या पद्धतीचं. जुन्या कार्डाला ती पद्धतच ठाऊक नाही. म्हणून किल्ली बरोबर असूनही ते 'चूक, चूक' करत होतं. फोनवरून राउटरच्या सेटिंगमध्ये गेले आणि जुनी पद्धत लावली. लॅपटॉप जोडला गेला. यूट्यूबवर एक कन्नड पाककृती अख्खी बघितली, न अडकता. गिरमिट, चुरमुऱ्यांचं. भूक लागली.

वैनीला सांगायला हवं होतं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तिची पाठ दिसली. परत आले.

१९ मे, सोमवार

दोन तास. एकदाही तुटलं नाही. शेवटच्या व्हिडिओत 'हळेबट्टे'ला 'जुनेरं' लिहिलं. 'जुने कपडे' नाही लिहिलं. परीक्षक बाई म्हणाल्या, "छान शब्द." माहेरी आल्यापासून आठ महिन्यांत मला कुणी छान म्हटलं नव्हतं.

२७ मे

मेल आला. निवड झाली! दोन तारखेला धारवाडला हजर व्हायचं.

आई रडली, मग साखर काढली. अण्णाने साखर घेतली नाही. जेवताना ताट ढकललं, आमटी फरशीवर गेली. मीठ जास्त म्हणे. मी चाखली तर बरोबर होतं. वैनीने फडकं आणून पुसलं. माझ्यावरचा राग बिचाऱ्याने आमटीवर काढला. बहीण दूर जाणार म्हणून असेल.

२८ मे, बुधवार

गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वैनी वर आली. भांडायला आली असं वाटून मी तयारच होते.

"धारवाडला खोली बघशील न्हवं," म्हणाली, "दोघींची बघ."

"कुणाकुणाची?"

"तुझी नि माझी."

मी हसले. ती हसली नाही. ब्लाउजची बाही वर केली. दंडावर चार बोटं, काळीनिळी. वरचं पिवळं पडलेलं, खालचं ताजं.

"तुझा अण्णा तुला गोड हाय," म्हणाली. "तू गेल्यावर ह्या घरात तेवढापन आडोसा न्हाय मला."

खालून अण्णाची हाक आली, "आरती, चहा झालाय, ये की!"

मी ओ दिली नाही.