पावलांत उगवलेले गवत

आबा, आज सकाळी वारा पडलेला असताना उसाच्या नव्या लागणीवर मी तणनाशक मारले. पाणी गाळून घेतले, नोझल गुडघ्याच्या वर जाऊ दिले नाही. आता पंप धुऊन बांधावर बसलो आहे. आई म्हणते, "एकट्याला झेपत न्हाई तुला, खंडानं दिऊया." कडेगावचे मामा महिन्याने रान बघायला येणार आहेत. तण दिसले, तर रान ते कसायला घेणार, असे दोघांचे ठरले आहे.

शाळा सोडून पहिल्यांदा पंप पाठीवर घेतला, तेव्हा मी सरळ पुढे चालत गेलो होतो. तुम्ही बघितलेत आणि मला तसेच जाऊ दिलेत. काही दिवसांनी रानात नेलेत. सगळे रान स्वच्छ, फक्त माझ्या पायांच्या ठशांत गवत. "बघ गड्या, तुझी पावलं उगवली." ओल्या मातीवर औषधाचा थर बसतो, तो पायाने मोडला की तिथून तण वर येते, हे तेव्हा समजले. फवारलेले समोर ठेवायचे आणि मागे मागे सरकायचे. "फौजेत कवा मागं सरलो न्हाई, हितं मातूर सरायचंच," म्हणून तुम्ही हसायचात. अजून दिसते: तुम्ही समोरच्या बांधावर उभे, मी तुमच्याकडे तोंड करून लांब लांब जातो आहे, आणि माझ्या पाठीमागचे तुम्ही बघताय. "डावीकडं घे... थांब रं, पाट आला."

तुमच्या शेवटच्या वर्षी ऐन पाटाशी तुम्हाला खोकल्याची उबळ आली आणि 'थांब' म्हणायचे राहून गेले. मी पंपासकट उताणा पडलो. रानात कुणाला पाय ठेवू न देणारे तुम्ही फवारलेल्या सरीतून धावत आलात. "लागलं का रं? औषध डोळ्यात गेलं का?" मी म्हणालो, "आवं आबा, रान तुडवलंत की!" तुम्ही खाली बघितलेही नाहीत.

तुम्ही गेल्यानंतर त्या सरीत तुमची पावले उगवली. लांब लांब टाकलेली, हिरवीगार. आई म्हणाली, "खुरपं लाव की." मी लावले नाही. गवताचे बी तिथेच झडले.

आता पाटाच्या अलीकडे मी दोरी बांधतो. पोटरीला लागली की थांबायचे. काम चोख होते, पण दोरी बोलत नाही.

आबा, आजही सगळे रान नीट मारले. पाटाजवळ तुमची पावले उगवली होती तिथे आलो, तेव्हा मात्र खटका सोडला आणि फवारा बंद ठेवून मागे सरकलो. मामांची नजर तिथल्या गवतावर जाईलच. आईला सांगितलेले नाही.