हेस्टरने मान वळवली

५ मार्च
आलो एकदाच्या! लाल विटांची लांबलचक इमारत, वर घड्याळाचा मनोरा, खिडक्या इतक्या मोठ्या की मार्चमधलं कंजूष ऊनसुद्धा आत येतं. सामान तसंच ठेवून मी आधी किटली चढवली. नेसीला खिडकीपाशी बसवलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या या धाकट्या बहिणीला ज्या शुश्रूषागृहात ठेवलं होतं, तिथे तिला रोज साबुदाण्याची लापशी चारत आणि 'डार्लिंग' म्हणत. सत्तरी ओलांडलेल्या बाईला! तिथून तिला बाहेर काढताना मी शब्द दिला, की यापुढे तुला एकटीला कुठेही पाठवणार नाही. म्हणून हा फ्लॅट घेतला.

पूर्वी इथे गरिबाघरच्या, पोरक्या मुलांची शाळा होती. कॉरिडॉरमध्ये त्या काळची तपकिरी छायाचित्रं मोठी करून लावली आहेत. खाली पितळी पाटी: 'हसरे बालपण'. एकही मूल हसत नाहीये. व्यवस्थापकाला विचारणार आहे, की डोळे तपासून घेतलेस का.

८ मार्च
चित्रं नीट पाहिली. एकात मुली शिवणाच्या वर्गात बाकांवर बसल्या आहेत. सगळ्यांचे केस मुळापासून कापलेले, सगळ्यांना एकच गोणपाटासारखा झगा. त्या काळी कॅमेऱ्यापुढे बराच वेळ दगडासारखं बसावं लागे. जो हलला तो पुसला जाई. दुसऱ्या रांगेत एक पोर तशी पुसली गेली आहे. एक कान दिसतो, बाकी चेहऱ्याच्या जागी धुराचा फराटा.

वरच्या मजल्यावरचे मिस्टर थेवलिस, निवृत्त दंतवैद्य, म्हणाले की ती हेस्टर. त्यांची आजी तिच्या शेजारी बसलेली आहे. इथे भावंडांना आल्या दिवशीच तोडत. मोठ्या मुली एका बाजूला, बच्चेकंपनी दुसऱ्या बाजूला, भेट फक्त रविवारी अंगणात. फोटो काढायच्या वेळी बच्चे दाराबाहेर रांगेत उभे होते आणि हेस्टरने धाकट्या बहिणीला, पॉलीला, शोधायला मान वळवली.

आणि बच्च्यांचं चित्र यांनी टांगलंय कुठे? पार दुसऱ्या टोकाला, कचऱ्याच्या डब्यांजवळ! मी संतापले. थेवलिस हसले. "बाई, तक्रार करायला शंभर वर्षं उशीर केलात."
"तुम्ही तर इथेच राहून केली नाहीत," मी म्हटलं.

९ मार्च
बच्च्यांचं चित्र उचललं आणि हेस्टरच्या शेजारी टांगलं. नेसीने काठी खुर्चीला टेकवून खिळे हातात धरले. व्यवस्थापक, चकचकीत बुटांतलं पोरगं, धावत आला. "मिस फॅरेली, ही मांडणी तज्ज्ञांनी केलीये!"
"मग तज्ज्ञांना सांग, नन्सच्या हाताखाली शिकलेल्या बाईने ती मोडली."
नेसी पोट धरून हसली. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

११ मार्च
हेस्टरचा चेहरा दिसतो.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाकावर वांगाचे ठिपके, ओठाच्या कोपऱ्यावर खपली. ती शेजारच्या चित्राकडे बघते आहे. नेसीलाही दिसली, म्हणजे मला वेड लागलेलं नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं.

१३ मार्च
चेहरा बदललाय. ती नुसती बघत नाहीये, शोधते आहे. बच्च्यांच्या रांगा मी भिंगाने तपासल्या. खालच्या रांगेत दोन मुलांच्या मध्ये एका मुलापुरती जागा मोकळी आहे.

थेवलिसना गाठलं. आधी टाळाटाळ केली, मग बोलले. पॉली फोटोच्या आधीच तापाने गेली होती. हेस्टरला सांगितलं नव्हतं. तशी इथली रीतच होती. तपासनीस किंवा फोटोवाला यायचा असला की भावंडाचा मृत्यू लपवायचा. रडून सुजलेले चेहरे फोटोत बरे दिसत नाहीत.
"मग नंतर कधी सांगितलं?"
"आजी म्हणायची, कधीच नाही. रविवारी विचारलं की ती आजारी आहे म्हणत."

म्हणजे मी सांगितलं. दोन्ही चित्रं शेजारी टांगून, मी.

१४ मार्च
सकाळी बच्च्यांचं चित्र परत डब्यांजवळ नेलं. मागे वळून पाहिलं तर हेस्टरची जागा रिकामी. तिच्या पाठीमागच्या बाकाच्या लाकडाच्या रेषा दिसतात.

१६ मार्च
चहा घेताना नेसी एक हात बाजूला धरून बसली होती. कुणाचा तरी हात हातात असल्यासारखा. म्हणाली, "ही कधीपासून थांबलीये बघ. किती गार हात आहेत गं हिचे."
तिच्या मानेवरचे केस कापलेले. मुळापासून. आमची कात्री बांधलेल्या खोक्यातच आहे, खोकं अजून फोडलेलं नाही.
मी हाक मारली, "नेसी!" तिने पाहिलं नाही. "पॉली" म्हणून बघितलं — देवा, का म्हटलं मी — आणि तिने लगेच मान वर केली.

१७ मार्च
टॅक्सी बोलावली. नेसी उठेना. हात मांडीवर, हनुवटी वर, डोळे समोर. श्वास चालू आहे. थेवलिस आणि मी दोघांनी ओढली, खुर्चीसकट हलली नाही. म्हाताऱ्या चिमणीएवढी माझी बहीण. थेवलिस रडायला लागले. मी त्यांच्यावर ओरडले. डॉक्टरांना फोन केला, येतो म्हणाले. यायला हवे होते एव्हाना —

१८ मार्च
खुर्ची रिकामी.

बच्च्यांच्या खालच्या रांगेतली जागा भरली आहे. चार वर्षांचं पोर, डोकं भादरलेलं, आणि त्या चेहऱ्यावर आमच्या आईचं नाक. हेस्टर परत बाकावर बसली आहे. चेहरा स्वच्छ. तृप्त.

पोलीस घर तपासून गेले. चित्राकडे बोट दाखवलं तर मला खाली बसा म्हणाले.

चित्रं दूर ठेवली तर नेसी परक्या पोरांत एकटी. जवळ ठेवली तर ती हेस्टरची. शब्द मी दिला होता. मी.

दुपारी
शेजारी टांगलं. नेसी हेस्टरकडे बघत नाही, सरळ माझ्याकडे बघते. ओळखते मला. हेस्टरच्या बाकावर एक मुलगी सरकली आहे, कडेला जागा झाली आहे — माझ्यासाठी? — येते, नेसी, येते मी —

नाही. ती मान हलवते आहे. नको म्हणते. हनुवटी पुसट झाली. आता नाक — काच कोमट लागते — मी ओरडते आहे, हलू नकोस, नेसी, नको हलूस, मी येत नाही, नाही येत, बघ — पण ती थांबतच नाही, डोळे तेवढे उरले, आणि बोटांत गार बोटं घालून मला कुणीतरी